वाचक विचारतात : पाऊस, उजेड आणि शर्यतीची वेळ

मोटार शर्यतींचं थेट प्रक्षेपण कसं होतं यावर मागच्या अंकात लिहिलं, त्यावर आलेल्या पत्रांपैकी निम्मी पावसाबद्दल आहेत. नव्या वाचकांसाठी सांगते, मी २१ वर्षं ओबी व्हॅनमध्ये काम केलं. मैदानाबाहेर किंवा ट्रॅकच्या कडेला उभी असलेली ती लांबलचक गाडी, आत भिंतभर छोटे पडदे आणि कानाला हेडफोन लावलेली दहा-बारा माणसं, म्हणजे ओबी व्हॅन. त्यातली बरीच वर्षं आपल्याकडच्या मोटार शर्यतींवर गेली. पाऊस आणि घड्याळ यांचं भांडण मी त्या गाडीत बसून पाहिलं आहे, त्यामुळे या पत्रांना सविस्तर उत्तरं देते.

सांगलीहून एक वाचक :
ताई, २९ ऑगस्ट २०२१ ला मी आणि माझा मुलगा संध्याकाळी साडेसहाला बेल्जियन ग्रांप्री बघायला बसलो. पावणेदहापर्यंत पाऊसच बघितला. मग सेफ्टी कारच्या मागून दोन-तीन फेऱ्या आणि थेट विजेता जाहीर. मुलगा अजून विचारतो, ही शर्यत होती का? हे टीव्हीच्या पैशांसाठी केलं असं म्हणतात, त्यात तथ्य आहे का?

तुमच्या मुलाला सांगा की ती शर्यत नव्हती. कागदावर आहे, आणि कागदावर ती का आली हे समजून घेण्यासारखं आहे.

स्पा-फ्रँकोरशाँ हे सर्किट आर्देनच्या जंगलात आहे. एक फेरी सात किलोमीटरची. तिथे एका वळणावर पाऊस आणि दुसऱ्या टोकाला कोरडा रस्ता हे नेहमीचं. त्या दिवशी मात्र सगळीकडे एकसारखा पाऊस लागून राहिला होता. गाड्या सेफ्टी कारच्या, म्हणजे सगळ्यांना हळू चालायला लावणाऱ्या पुढच्या गाडीच्या, मागे निघाल्या आणि परत पिटमध्ये, म्हणजे गॅरेजांसमोरच्या गल्लीत, आणल्या. त्यानंतर जवळजवळ तीन तास थांबणं. फॉर्म्युला वनमध्ये सुरुवातीच्या ठरलेल्या वेळेपासून तीन तासांचं एक घड्याळ चालू होतं आणि त्यात सगळं आटोपावं लागतं. पंचांनी आपत्कालीन कारण देऊन ते घड्याळच मध्ये थांबवलं, म्हणजे हातात एक तास उरला. तिथल्या सव्वासहाला गाड्या पुन्हा बाहेर काढल्या, त्याही सेफ्टी कारच्या मागेच, आणि थोड्याच वेळात लाल झेंडा, म्हणजे शर्यत थांबवली. फेऱ्या दोन-तीन झाल्या होत्या, पण लाल झेंड्यानंतर निकाल मागे जाऊन मोजतात, तसा तो एका फेरीवर लागला. अंतर ६.८८० किलोमीटर. ठरलेल्या फेऱ्या होत्या ४४. व्हर्स्टापेनला साडेबारा गुण, रसेलला नऊ, हॅमिल्टनला साडेसात.

आता पैशांचं. फॉर्म्युला वनचे प्रमुख स्टेफानो डोमेनिकाली यांनी हा आरोप नाकारला. हॅमिल्टनने उलट बाजू घेतली आणि प्रेक्षकांचे तिकिटाचे पैसे परत करा अशी जाहीर मागणी केली. माझ्या मते हेतूपेक्षा नियमाकडे बघावं. तेव्हाचा नियम असा होता की दोन फेऱ्या झाल्या की निकाल लागतो आणि अर्धे गुण मिळतात. त्या फेऱ्या सेफ्टी कारच्या मागे झाल्या तरी चालत. एकानेही दुसऱ्याला मागे टाकलं नाही तरी ती शर्यत ठरत होती. असा नियम हातात असला की थांबलेल्या घड्याळासमोर बसलेला कुणीही शेवटी गाड्या बाहेर काढणारच.

२०२२ पासून नियम बदलला. सेफ्टी कारशिवाय किमान दोन फेऱ्या झाल्याशिवाय आता गुण मिळत नाहीत, आणि अंतर जितकं कमी तितके गुणही कमी. तरी त्याच वर्षी जपानमधल्या सुझुकाला ५३ पैकी २८ फेऱ्या होऊन वेळ संपली आणि पूर्ण गुण दिले गेले, कारण गुण कमी करण्याची अट फक्त लाल झेंड्यानंतर सुरूच न झालेल्या शर्यतीला लागू होती. व्हर्स्टापेन जगज्जेता झाला आहे की नाही, हे काही मिनिटं खुद्द त्यालाही कळत नव्हतं. ती फट पुढच्या वर्षी बुजवली.

आणखी एक मुलाला दाखवा. जुलै २०२५ मध्ये त्याच स्पाला पावसामुळे शर्यत एक तास वीस मिनिटं उशिरा सुरू केली. फार सावधपणा केला म्हणून व्हर्स्टापेनसह काहींनी टीका केली. पण थांबले, पाणी ओसरलं आणि ४४ च्या ४४ फेऱ्या झाल्या. मला ती ऐंशी मिनिटं अजिबात वाया गेलेली वाटत नाहीत.

डोंबिवलीहून एक वाचक :
युरोपातल्या शर्यती आपल्याकडे बरोबर साडेसहाला सुरू होतात. सिंगापूरची साडेपाचला, जपानची सकाळी. मध्ये काही वर्षं सहा चाळीस अशी विचित्र वेळ होती. या वेळा कोण ठरवतं? आमची सोय बघतात का?

आपली सोय झाली तर तो योगायोग. वेळा मुख्यतः युरोपातल्या दुपारच्या हिशेबाने बसवल्या जातात, कारण बघणारा आणि पैसे देणारा जुना प्रेक्षक तिथे आहे. अलीकडे अमेरिकेचाही विचार होतो. युरोपात उन्हाळ्यात दुपारचे तीन म्हणजे आपले साडेसहा.

सहा चाळीसचं गुपित व्हॅनमधल्या कुणालाही लगेच कळेल. वाहिन्यांचे कार्यक्रम तासाच्या ठोक्याला सुरू होतात. तीनला कार्यक्रम सुरू आणि तीनलाच शर्यत, असं झालं की गाड्या रांगेत उभ्या राहतात, मेकॅनिक टायर गरम ठेवायची आवरणं काढतात, चालक हेल्मेट चढवतात, ते सगळं हुकतं. म्हणून २०१८ मध्ये सुरुवात तीन वाजून दहा मिनिटांवर नेली. २०२१ पासून पुन्हा ठोक्यावर आणली. २४ जून २०१८ ची फ्रेंच ग्रांप्री तर चार दहाला सुरू झाली, कारण त्या दुपारी फुटबॉल विश्वचषकात इंग्लंड विरुद्ध पनामा सामना होता. दहा मिनिटं किंवा तासभर पुढे-मागे केल्याने कुणाचं बिघडत नाही.

बिघडतं कुठे ते सांगते. मलेशियातलं सेपांग. विषुववृत्ताच्या जवळ, दमट हवा, सकाळी ऊन आणि दुपार कलली की आभाळ भरून येतं. कोल्हापूर-सांगलीकडच्यांना वळीव समजावून सांगायला नको. तसाच, फक्त तिकडे तो वारंवार येतो. २००८ पर्यंत तिथली शर्यत दुपारी तीनला व्हायची, म्हणजे युरोपात सकाळी नऊ. रविवारी नऊला टीव्हीसमोर कोण बसणार, म्हणून २००९ मध्ये ती पाचला नेली. युरोपात अकरा वाजले. आपल्याकडे अडीच.

५ एप्रिल २००९. ढग आधीपासून दिसत होते. शर्यत निम्म्यावर आली आणि आभाळ फाटलं. गाड्या सरळ रस्त्यावरही घसरायला लागल्या, लाल झेंडा दाखवला, सगळे जागच्या जागी उभे राहिले. पाऊस थांबेल तेव्हा थांबेल, पण तोवर अंधार पडू लागला, आणि सेपांगला तेव्हा दिवे नव्हते. ५६ पैकी ३१ फेऱ्यांवर निकाल लावून अर्धे गुण दिले. जेन्सन बटन विजेता. किमी रायकोनेन गॅरेजमध्ये कपडे बदलून आइस्क्रीम खाताना कॅमेऱ्यात दिसला, ते दृश्य तुमच्यापैकी अनेकांना आठवत असेल. तीनला सुरुवात झाली असती तर वळीव येईपर्यंत शर्यत संपली असती, किंवा पाऊस ओसरल्यावर उरलेल्या उजेडात पुढे चालू करता आली असती. पुढच्या वर्षी सुरुवात चारला आणली.

सिंगापूरने वेगळी वाट काढली. २००८ पासून शर्यतच रात्री, पूर्ण सर्किटवर दिवे. तिथे रात्रीचे आठ, युरोपात दुपारचे दोन. चालक तिथे जाऊनही युरोपच्या घड्याळावर राहतात, दुपारी उठतात, पहाटे झोपतात. खर्च प्रचंड, पण अंधाराची भीती गेली. लास व्हेगासने २०२३ मध्ये रात्री दहाची वेळ धरली होती, आपल्याकडे रविवारचे सकाळचे साडेअकरा. २०२५ मध्ये ती रात्री आठवर आणली.

पुण्याहून अभियांत्रिकीचा एक विद्यार्थी :
पावसाचे टायर असतात, मग शर्यत थांबवायची कशाला? जुन्या चालकांनी पावसात कमाल केली आहे.

टायर आहेत आणि चांगले आहेत. टायर पुरवणाऱ्या पिरेलीच्या आकड्यांप्रमाणे ताशी ३०० किलोमीटर वेगात मधला, म्हणजे इंटरमीजिएट, टायर सेकंदाला सुमारे ३० लिटर पाणी बाजूला टाकतो आणि पूर्ण पावसाचा ८५ लिटर. एका टायरमधून दर सेकंदाला चार-पाच बादल्या. आता चार टायर, आणि वीसेक गाड्या.

ते पाणी जातं कुठे? मागच्याच्या तोंडावर. जुलैत खंडाळ्याच्या घाटात एसटीच्या मागे गाडी लागली की काय होतं आठवून बघ. वायपर पूर्ण वेगात, तरी समोर पांढरा पडदा, आणि त्यात एसटीचे लाल दिवे कधी दिसतात, कधी नाहीत. आपण तेव्हा चाळीसवर येतो. शर्यतीतला चालक त्याच पडद्यात अडीचशेने शिरतो, त्याच्या गाडीला काच नाही, हेल्मेटची काच हातमोज्याने पुसायची. गाडीखालच्या हवेवर पकड मिळवणारी २०२२ ची रचना आली तेव्हा हा फवारा आणखी उंच उडू लागला अशी चालकांची तक्रार होती. चाकांवर मडगार्डसारखी झाकणं लावून तो कमी करता येतो का, हे २०२३ मध्ये सिल्वरस्टोनला आणि २०२४ मध्ये फिओरानोला तपासून झालं. उपयोग झाला नाही, कारण पाणी चाकांइतकंच गाडीच्या पोटाखालूनही उडतं.

म्हणून टायरला जमतं आणि डोळ्यांना जमत नाही, अशी आजची अडचण आहे. १ जुलै २०२३ ला स्पाला ज्युनियर मालिकेच्या शर्यतीत डिलानो व्हान्ट हॉफ हा १८ वर्षांचा डच मुलगा गेला. पावसात, सरळ रस्त्यावर. त्याची गाडी आडवी झाली आणि फवाऱ्यातून येणाऱ्यांना ती दिसली नाही. तुझ्याच वयाचा. जुन्या चालकांची कमाल मीही मानते, पण त्या काळातल्या किती घरांत फोटोला हार लागले, तेही मोजावं.

नाशिकहून एक वाचक :
पाऊस नाही, वारा नाही, तरी २०२० मध्ये जर्मनीत सराव रद्द झाला. का?

धुक्यामुळे. ऑक्टोबर २०२० चा शुक्रवार, न्यूरबर्गरिंग. ट्रॅक चालवण्याजोगा होता, पण वैद्यकीय हेलिकॉप्टर उडू शकत नव्हतं. जखमीला ठरलेल्या वेळेत रुग्णालयात पोचवता येणार नसेल तर गाड्या बाहेर काढायच्या नाहीत, असा नियम आहे. मिक शूमाकर त्या दिवशी फॉर्म्युला वनच्या सरावात पहिल्यांदा उतरणार होता. तो दिवसभर बसून राहिला. निर्णय योग्यच होता.

फोंड्याहून एक वाचक :
क्रिकेटच्या मोठ्या सामन्यांना राखीव दिवस असतो. शर्यतीला सोमवार राखीव का नाही ठेवत? माझी बहीण न्यू जर्सीला असते, ती म्हणते अमेरिकेत सोमवारी होतात शर्यती.

बहीण बरोबर सांगते. नॅसकार या अमेरिकेतल्या शर्यतींच्या मालिकेत मोठ्या अंडाकृती ट्रॅकवर पावसात गाड्या धावत नाहीत. वळणं तिरकी, वेग प्रचंड, टायर गुळगुळीत. पाऊस थांबला की ट्रॅक वाळवायचा. त्यासाठी ट्रकवर चक्क जेट इंजिन बसवून त्याची गरम हवा रस्त्यावर सोडायचे. २०१२ ची डेटोना ५०० रविवारी होऊ शकली नाही, सोमवारी दुपारवर गेली, तिथून सोमवारी संध्याकाळवर. म्हणजे वाहिनीचा सगळ्यात महागडा संध्याकाळचा वेळ. त्या रात्री हुआन पाब्लो मोंटोयाची गाडी बिघडली आणि नेमकी त्या वाळवणाऱ्या ट्रकवर जाऊन आदळली. शेकडो लिटर इंधन पेटलं. माणसं वाचली. विझवल्यावर रस्ता कपडे धुण्याच्या पावडरीने घासून काढला आणि शर्यत मध्यरात्रीनंतर संपली. रविवारची शर्यत मंगळवारी!

फॉर्म्युला वनला हे परवडत नाही याची कारणं अगदी साधी आहेत. रविवारी रात्रीच गॅरेजं उकलून विमानात चढवायला सुरुवात होते, कारण बऱ्याचदा पुढच्या शुक्रवारी दुसऱ्या देशात सराव असतो. मार्शल, म्हणजे ट्रॅकच्या कडेला झेंडे दाखवणारे मदतनीस, बहुतेक स्वयंसेवक. सोमवारी त्यांना नोकरीवर जायचं असतं. मोनॅको, सिंगापूरसारख्या ठिकाणी ट्रॅक म्हणजे शहराचे रस्ते, सोमवारी तिथून बस जायच्या असतात. सुरुवातीच्या जागा ठरवणारी पात्रता फेरी मात्र शनिवारवरून रविवारी सकाळी ढकलता येते. सुझुकाला वादळांमुळे २००४ आणि २०१९ मध्ये, मुसळधार पावसामुळे २०१० मध्ये तसं झालं.

बहिणीला २६ मे २०२४ ची गोष्ट विचारा. काइल लार्सनला एकाच दिवशी इंडियानापोलिसची ५०० मैलांची आणि शार्लटची ६०० मैलांची अशा दोन शर्यती करायच्या होत्या. इंडियानापोलिसला पावसाने चार तास गेले. तिथे स्थानिक भागात थेट प्रक्षेपण दाखवायचं नाही, लोकांनी तिकीट काढून यावं, अशी जुनी पद्धत आहे. त्या दिवशी ती बाजूला ठेवून घरी बसलेल्यांनाही शर्यत दाखवली. लार्सन ती पूर्ण करून हेलिकॉप्टर, विमान असं करत शार्लटला पोचला, तोवर त्याची गाडी दुसराच चालक चालवत होता. आणि हा गाडीत बसणार तेवढ्यात तिथेही पाऊस आला. शर्यत ४०० पैकी २४९ फेऱ्यांवर संपवली. दोन्ही गावचा पाऊस एकाच माणसाच्या वाट्याला.

नागपूरहून एक वाचक :
आमच्याकडे मे महिन्यात घराबाहेर पडवत नाही. ऊन हे शर्यतीच्या हिशेबात खराब हवामान धरतात का?

आता धरतात. ८ ऑक्टोबर २०२३ ला कतारमध्ये रात्रीची शर्यत असूनही चालकांची वाट लागली. लोगन सार्जंटला मध्येच गाडी सोडावी लागली, एस्तेबान ओकोनला हेल्मेटमध्येच उलटी झाली. पुढच्या वर्षी ती शर्यत डिसेंबरवर नेली. कतारच्या त्या २०२३ च्या शर्यतीच्या दोनच आठवडे आधी ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किटवर मोटोजीपी, म्हणजे मोटारसायकलींची शर्यत, झाली होती. तिथे शनिवारची छोटी शर्यत पावसाने लांबली, आणि रविवारची मुख्य शर्यत उकाड्यामुळे २४ वरून २१ फेऱ्यांवर आणली. एकाच ठिकाणी दोन दिवसांत दोन्ही! २०२५ पासून फॉर्म्युला वनमध्ये तापमान-आर्द्रतेचा अंदाज ठरावीक आकड्यावर गेला की उष्णतेचा इशारा जाहीर करून थंडाव्याच्या जाकिटाची सोय करावी लागते.

कोल्हापूरहून एक वाचक :
मी ज्यूल्स बियांकीचा चाहता. ५ ऑक्टोबर २०१४ ची सुझुकाची शर्यत मी रविवारी सकाळी साडेअकरापासून पाहिली होती. वादळ येणार हे सगळ्यांना माहीत होतं. मग वेळ का बदलली नाही? तुमच्या क्षेत्रातल्या लोकांना त्याचं काही वाटतं का?

वाटतं. तुमचं पत्र मी शेवटी ठेवलं, कारण त्याचं उत्तर सगळ्यात जास्त वेळ मनात होतं.

फानफोन नावाचं वादळ जपानकडे सरकत होतं. शर्यत आधी घेण्यावर चर्चा झाली, वेळ तीनचीच राहिली. सुरुवात सेफ्टी कारमागे, दोन फेऱ्यांनंतर लाल झेंडा, मग पुन्हा सुरू. शेवटाकडे पाऊस वाढला आणि उजेड कमी झाला. ४२ व्या फेरीला सुटिलची गाडी डनलॉप वळणावर घसरून बाहेर गेली, ती उचलायला क्रेनचा ट्रॅक्टर आत आणला. पुढच्या फेरीला बियांकी त्याच जागी घसरला आणि त्या ट्रॅक्टरवर आदळला. हवामानामुळे त्याला हेलिकॉप्टरऐवजी रुग्णवाहिकेने नेलं. १७ जुलै २०१५ ला तो गेला. २५ वर्षांचा होता.

चौकशी समितीने बियांकीने पिवळ्या, म्हणजे धोक्याचा इशारा देणाऱ्या, झेंड्यांखाली वेग पुरेसा कमी केला नव्हता असंही नोंदवलं, ते लपवू नये. पण त्याच समितीने दोन शिफारशी अशा केल्या ज्या माझ्या टेबलाशी संबंधित आहेत. रात्रीच्या शर्यती सोडल्या तर सुरुवात सूर्यास्ताच्या किमान चार तास आधी व्हावी. आणि शक्य तिथे त्या त्या ठिकाणच्या पावसाळ्यात शर्यत ठेवू नये. २०१५ मध्ये जपानसह पाच शर्यती तासाभराने आधी आणल्या. सुझुका २०२४ पासून एप्रिलमध्ये होते, तिथला वादळांचा हंगाम टळला.

हे नवीन शहाणपण नव्हतं. १९७६ ला फुजीला जेम्स हंट आणि निकी लाउडा यांच्यातल्या अजिंक्यपदाची शेवटची शर्यत होती. प्रचंड पाऊस, सुरुवात लांबत गेली, प्रक्षेपणासाठी उपग्रहाची वेळ घेतलेली आणि दिवस मावळत आलेला. तरी शर्यत सुरू केली. लाउडा पावणेतीन महिन्यांपूर्वीच न्यूरबर्गरिंगला जळून मरणाच्या दारातून परत आला होता. दोन फेऱ्या करून तो गाडीतून उतरला. एका गुणाने अजिंक्यपद गेलं. असं उतरायला लागणारं धैर्य मी फार कमी लोकांत पाहिलं आहे.

वेळ बदलता येते, हे मात्र ब्राझीलने दाखवलं. नोव्हेंबर २०२४ ला साओ पावलोला शनिवारची पात्रता फेरी पावसात वाहून गेली. ती रविवारी सकाळी साडेसातला घेतली आणि मुख्य शर्यत दीड तास अलीकडे ओढली. आपल्याकडे साडेदहाची नऊला आली. जगभरच्या वाहिन्यांनी कार्यक्रम हलवले. व्हर्स्टापेन सतराव्या जागेवरून जिंकला ती हीच शर्यत. चेन्नईची रस्त्यावरची रात्रीची शर्यतही डिसेंबर २०२३ मध्ये मिचाँग चक्रीवादळामुळे पुढे ढकलली आणि ऑगस्टच्या शेवटी घेतली. मोठं नुकसान सोसून घेतलेला निर्णय, पण घेतला.

आता तुम्ही विचारलं ते, आमच्या लोकांना काही वाटतं का. एक दिवस सांगते.

दक्षिणेतला एक ट्रॅक, ऑक्टोबर महिना, राष्ट्रीय स्पर्धेची फेरी. आमचा थेट प्रक्षेपणाचा स्लॉट तीन ते पाच. तीन दहाला पाऊस आला. कानात मुंबईहून दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न, "किती वाजता?" पाचला वाहिनीवर दुसऱ्या खेळाचं थेट प्रक्षेपण होतं, ते हलणार नव्हतं. चार दहाला पाऊस थांबला. मी व्हॅनमधून उतरून धावत कंट्रोल टॉवरवर गेले आणि क्लार्क ऑफ द कोर्सना, म्हणजे शर्यत चालवणाऱ्या मुख्य अधिकाऱ्यांना, म्हटलं, "सर, दहा फेऱ्या तरी करा, पन्नास मिनिटं आहेत."

ते वयस्क गृहस्थ काही बोलले नाहीत. खाली आले, मला जीपमध्ये बसवलं आणि ट्रॅकवरून एका उजव्या वळणापाशी नेलं. व्हॅनमधल्या पडद्यावर ते वळण नुसतं चकाकत होतं. प्रत्यक्षात शेजारच्या मातीतून एक ओहोळ फुटून रस्ता ओलांडत होता, तांबूस, वीतभर रुंद, काठांनी वाळू आणत. त्यांनी मधोमध पाऊल ठेवलं. पाणी बुटाच्या लेसवरून वाहत गेलं. मग त्यांनी बॅरिअरकडे बोट केलं. तिथे कॉलेजातली एक मुलगी हातात पिवळा झेंडा घेऊन, प्लास्टिकचा रेनकोट घालून, ओली होऊन उभी होती. मार्शल. "गाडी इथून सुटली तर तिच्याकडे जाते," ते म्हणाले. मी परत येऊन मुंबईला सांगितलं की आज नाही. तिकडून जे ऐकावं लागलं ते ऐकलं. पाचपर्यंत जुनी दृश्यं चालवली.

मार्शलांनी फावड्यांनी चर खणून तो ओहोळ वळवला, झाडूने रेती लोटली. पाच वाजून बारा मिनिटांनी क्लार्क ऑफ द कोर्सनी स्वतः एक चक्कर मारली आणि हिरवा झेंडा दिला. सूर्य मावळायला अजून पाऊण तास होता. पोरांनी दहा फेऱ्या केल्या, शेवटच्या तीन फेऱ्या पहिले दोघे चाकाला चाक लावून. आमच्या केबली तोवर गुंडाळून झाल्या होत्या. मी व्हॅनच्या पायरीवर उभी राहून ती शर्यत डोळ्यांनी पाहिली. रेनकोटवाली मुलगी शेवटच्या फेरीला गाड्यांना झेंडा हलवून निरोप देत होती. दुसऱ्या दिवसापासून माझ्या प्रत्येक रन-डाउनच्या, म्हणजे प्रक्षेपणाच्या क्रमाच्या, कागदावर, स्लॉट संपण्याच्या वेळेच्या वर, त्या गावच्या सूर्यास्ताची वेळ लिहिलेली असायची, आणि त्या दोन वेळांमधला उजेड आम्हाला मिळावा म्हणून मी दर वेळी मुंबईशी भांडायचे. सहा वेळा मिळाला.